सुरुंग आणि पांढरं हेल्मेट

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की माझी विकेट पडते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या. मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून विचारलं, "मॅगझीनसाठी काही देतेस का?" तेव्हा मला एकदम हसू आलं. कारण गेल्या मे महिन्यात मी ज्या मॅगझीनच्या दारात उभी होते, तिथे चपला बाहेर काढाव्या लागत होत्या!

मॅगझीन या शब्दाचं मूळ अरबी, अर्थ कोठार. लेखांचं कोठार ते आपलं मॅगझीन, आणि स्फोटकांचं कोठार तेही मॅगझीनच. आज मी या मॅगझीनमध्ये त्या मॅगझीनबद्दल लिहिणार आहे. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. मी हे का लिहितेय ते मध्ये कळेल. त्यात माझी फजिती आहे... फजिती म्हणजे, नशीब म्हणून फजिती.

साईट

सेकंड इयर संपल्यावर मी एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणाच्या साईटवर ट्रेनिंगला गेले. आत्याचं घर जवळच्या गावात, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता. पहिल्या दिवशी मला पांढरं हेल्मेट आणि हिरवं जॅकेट मिळालं. साईटवर हेल्मेटच्या रंगाला फार अर्थ असतो. आमच्या साईटवर पांढरं म्हणजे इंजिनियर, पिवळं म्हणजे कामगार. मी शिकाऊ होते, पण हेल्मेट पांढरं. त्याचा परिणाम पुढे सांगते.

सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, नुसत्या ब्रेकरने फोडायचा म्हटलं तर काम वर्षानुवर्षं चालेल. म्हणून सुरुंग. हे आपल्याकडे नवीन नाही. बोरघाटातली रेल्वे 1863 मध्ये सुरू झाली तेव्हा डायनामाइटचा शोधसुद्धा लागला नव्हता. ते काम साध्या काळ्या दारूने केलं, आणि त्या घाटात अपघात आणि रोगराईने हजारो मजूर गेले. कोयनेला तर 1999 आणि 2012 मध्ये धरणाच्या तलावाखालचा खडक आतून सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतलं. त्याला लेक टॅपिंग म्हणतात.

आल्फ्रेड नोबेलचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या स्टॉकहोममधल्या कारखान्यात 1864 मध्ये नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला, त्यात त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला. त्यानंतर 1867 मध्ये डायनामाइटचं पेटंट आलं. म्हणजे डायनामाइट हा जास्त जोरदार स्फोटाचा शोध नाही, तर तेच नायट्रोग्लिसरीन हाताळायला सुरक्षित कसं करायचं याचा शोध आहे. त्याआधी 1831 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम बिकफर्डने सेफ्टी फ्यूज, म्हणजे ठराविक वेगाने जळणारी वात काढली, तीही खाणकामगारांचे अपघात बघूनच.

कांडी आणि डिटोनेटर

साईटवर सगळे अजूनही "जिलेटिनच्या कांड्या" म्हणतात. खरं तर नायट्रोग्लिसरीनवर आधारलेल्या स्फोटकांवर भारतात 1 एप्रिल 2004 पासून बंदी आहे. आताच्या कांडीत स्लरी किंवा इमल्शन असतं. नाव फक्त जुनं राहिलं. ही नवी कांडी धक्क्याने सहजासहजी उडत नाही. तिला उडवायला डिटोनेटर लागतो. पेनाच्या टोपणाहूनही बारीक अॲल्युमिनियमची नळी, आत अगदी थोडी पण फार नाजूक दारू.

आणि इथेच आपला गैरसमज असतो. आपण मोठ्या खोक्याला घाबरतो आणि छोट्या नळीला नाही. प्रत्यक्षात साईटवर जास्त जपायची असते ती छोटी नळी. उष्णता, ठोका, घर्षण, काही प्रकारांत वीज, यांपैकी काहीही तिला पुरतं. एका डिटोनेटरने हाताची बोटं जातात, डोळे जातात. कांडी लागतच नाही.

पूर्वी दोन वायरींचे इलेक्ट्रिक डिटोनेटर सर्रास वापरत. विजेचा कडकडाट, जवळची हाय टेन्शन लाईन, वायरलेस सेट, कशामुळेही त्यात करंट येण्याची भीती असे. शिवाय चोरी होऊन ते वाईट हातात पडत. भारतात 1 एप्रिल 2025 पासून त्यांच्या उत्पादनावर, बाळगण्यावर आणि आयातीवर बंदी आली. आता शॉक ट्यूबचे किंवा इलेक्ट्रॉनिक डिटोनेटर असतात. शॉक ट्यूब म्हणजे प्लास्टिकची रंगीत पोकळ नळी. तिच्या आतल्या भिंतीला पावडरचा अगदी पातळ थर असतो, त्यातून सेकंदाला साधारण 2000 मीटर वेगाने धक्क्याची लहर जाते आणि टोकाचा डिटोनेटर उडतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये प्रत्येक डिटोनेटरला स्वतःची चिप असते, मिलिसेकंदात वेळ ठरवता येते.

आमच्या साईटवर शॉक ट्यूब होत्या. केशरी रंगाच्या. फार सुंदर दिसतात. हे लक्षात ठेवा.

नियम, ओळीने

स्फोटकांचा मूळ कायदा 1884 चा, आणि सध्याचे नियम 2008 चे. ते राबवणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. बांधकामातल्या सुरुंगासाठी आयएस 4081 हा वेगळा सेफ्टी कोड आहे. आपल्या लायब्ररीत आयएस कोडच्या कपाटात बघा. सगळं इथे देत नाही, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं देते.

1. साठा. मॅगझीन लायसनचं असतं आणि त्यात किती माल ठेवायचा तो आकडा ठरलेला असतो. डिटोनेटर आणि कांड्या कधीही एका खोलीत नाहीत. आत काडेपेटी नाही, मोबाईल नाही, लोखंडी खिळ्यांची चप्पल नाही. छतावर वीजवाहक असतो, त्याची तपासणी होते. जुना माल आधी वापरायचा. आणि रजिस्टर! किती आले, किती गेले, किती परत आले. एक कांडी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत कोणी घरी जात नाही.

2. वाहतूक. ठरलेल्या गाडीतून, दिवसाउजेडी चढउतार, डिटोनेटर आणि कांड्या वेगवेगळ्या. हा नियम मोडला की काय होतं ते कर्नाटकात 2021 मध्ये दिसलं. 21 जानेवारीच्या रात्री शिमोग्याजवळ स्फोटकांचा ट्रक उडाला, आजूबाजूच्या गावांना भूकंप वाटला. महिन्याभराने चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात बेकायदा साठा घाईने निकालात काढताना सहा माणसं गेली.

3. माणूस. सुरुंग भरणारा परवानाधारकच हवा. त्याला शॉटफायरर म्हणतात, साईटवर नुसतं "ब्लास्टर". अठरा वर्षांखालचं कोणी नाही, आणि प्यायलेलं तर नाहीच. आमचे ब्लास्टरकाका साठीकडे झुकलेले, बोलायला कमी. सकाळी मॅगझीन उघडायच्या आधी ते प्रत्येकाच्या तोंडाजवळ जाऊन "राम राम" करायचे. मला वाटायचं किती नम्र माणूस! मग कळलं, वास घेत होते.

4. भरणं. ड्रिलिंग संपून मशीन बाजूला गेल्याशिवाय भरायला सुरुवात नाही. कांडी सरकवायला लाकडी काठी, लोखंडी पहार कधीच नाही. डिटोनेटर कांडीत घालायचा तो वापरायच्या वेळी, जागेवरच. जुन्या सुरुंगाचं उरलेलं भोक पुन्हा ड्रिल करायचं नाही, कारण तळाशी काय राहिलंय कोणाला माहीत? ढग गडगडले की काम बंद आणि सगळे लांब.

5. ठासणं. भोकाचा वरचा भाग बारीक खडीने नाहीतर मातीने नीट भरायचा. याला स्टेमिंग म्हणतात. स्टेमिंग कमी पडलं किंवा भोक उघड्या कड्याच्या फार जवळ आलं, की सगळी ताकद दगड फोडायच्या ऐवजी दगड फेकण्यात जाते. तो उडालेला दगड म्हणजे फ्लायरॉक. सुरुंगाच्या अपघातांत तो मोठा गुन्हेगार आहे.

6. हादरे. व्हायवामध्ये हमखास विचारतात, लिहून घ्या. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या 1997 च्या परिपत्रकाप्रमाणे खाणीच्या मालकीची नसलेली साधी घरं जवळ असतील तर जमिनीच्या कंपनाचा वेग 8 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला सेकंदाला 5 मिलिमीटर, 8 ते 25 हर्ट्झला 10 आणि त्याच्या वर 15 इतकाच चालतो. ऐतिहासिक वास्तूंसाठी अजून कमी: 2, 5 आणि 10.

7. इशारा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कामांत पद्धत अशी, की सुरुंगाच्या किमान 10 मिनिटं आधी सायरन, 200 मीटरच्या आतली सगळी माणसं बाहेर, आणि भोवती लाल झेंडे. आमच्याकडे तीन सायरन होते. पहिला लांब, म्हणजे निघा. दुसरा तुटक, म्हणजे आता उडणार. तिसरा पुन्हा लांब, म्हणजे सगळं ठीक, या.

तिसऱ्या सायरनच्या आधी

दहावा की अकरावा दिवस असेल. दुपारी एकचा सुरुंग. पहिला सायरन झाला, दुसरा झाला, जमीन पायाखालून सरकल्यासारखी झाली आणि धुळीचा पडदा उभा राहिला. मला ट्रेनिंगच्या रिपोर्टसाठी फोडलेल्या दगडाचे फोटो हवे होते. एकदा पोकलेन आलं की ढीग हलतो, फोटोची मजा जाते. म्हणून मी तिसऱ्या सायरनची वाट न बघता निघाले.

वाटेत लाल झेंडा घेऊन एक मामा उभे होते. जवळच्याच गावचे, कामावर येऊन तीन दिवस झालेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं आणि झेंडा खाली केला. मी त्यांना "थँक यू" म्हटलं!

मी मागच्या बाजूने ढिगाशी गेले. काका धुळीत पुढच्या टोकाला एकेक भोक बघत होते, त्यांना मी दिसले नाही. फोटो काढले. दगडांमध्ये केशरी नळीचा हातभर तुकडा पडला होता, टोकाला चकचकीत छोटी नळी. रूममेटने बजावलं होतं, साईटवरून काहीतरी आण म्हणून. म्हटलं, याचं मस्त की-चेन होईल. तुकडा गुंडाळला, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात टाकला. त्या कप्प्यात किल्ल्या होत्या, सुटे पैसे होते. थोड्या वेळाने तिसरा सायरन झाला.

चार वाजता चहाला शेडमध्ये बसलो होतो. पाचसहा जण होते. मी तो तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काका, हे घरी नेलं तर चालेल ना?"

काकांनी कप खाली ठेवला. ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, हात लावू नका आता. उठा आणि माझ्या मागून बाहेर जा. सगळ्यांनी बाहेर." आवाज इतका हळू होता की मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी एकट्याने आत जाऊन तो उचलला, लांब नेला, तिथे झेंडा लावून माणूस उभा केला. दुसऱ्या दिवशीच्या सुरुंगात, नियमाप्रमाणे नोंद करून, तो नष्ट केला.

ती चकचकीत नळी न उडालेला डिटोनेटर होती.

आत्याचा नातू सात वर्षांचा आहे. माझी सॅक रोज संध्याकाळी तो तपासतो, चॉकलेट शोधायला. आणि हाताला लागेल ते दाताने उघडून बघतो. एवढंच सांगते. त्या रात्री मी जेवले नाही. सॅक पलंगाखाली ठेवली आणि तरी दोनदा उठून बघितली.

मिसफायर म्हणजे काय

नंतर काकांनी मला समजावलं, ते आपल्या पुस्तकात दोन ओळींत आहे. सुरुंगाची भोकं एकदम उडत नाहीत, मिलिसेकंदांच्या अंतराने उडतात. कधीकधी आधी उडालेल्या भोकाचा दगड सरकतो आणि शेजारच्या भोकाची शॉक ट्यूब लहर पोचायच्या आधीच तुटते. मग तो डिटोनेटर, कधी कांडीसकट, तसाच राहतो. याला मिसफायर म्हणतात. वरून बघितलं तर दगड फुटलेला दिसतो, कारण शेजारच्या भोकाने तो फोडलेला असतो. म्हणून मिसफायर दिसत नाही, शोधावा लागतो.

त्यासाठीच तिसरा सायरन. धूर आणि धूळ बसेपर्यंत थांबायचं, मग फक्त ब्लास्टरने जाऊन प्रत्येक भोक बघायचं, मोजायचं. वातीचा सुरुंग असेल तर अजून जास्त थांबायचं, कारण वात आत धुमसत राहू शकते. मिसफायर सापडला तर कोणी तो ओढून काढायचा नाही. नळी ओढायची नाही, भोक उकरायचं नाही. झेंडा लावायचा, बाकीचं काम बंद, आणि परवानाधारकाच्या देखरेखीखाली ठरलेल्या अंतरावर समांतर भोक पाडून तो उडवायचा. शिफ्ट बदलत असेल तर पुढच्या माणसाला लेखी सांगायचं. पोकलेनवाल्यालाही सांगायचं, कारण बकेटचा दात डिटोनेटरवर पडला की संपलं.

पुण्याच्या चांदणी चौकातला पूल पाडला तेव्हा मी अकरावीत होते. 2 ऑक्टोबर 2022 च्या मध्यरात्रीनंतर सुमारे 600 किलो स्फोटकं वापरली आणि तरी पूल पूर्ण पडला नाही, उरलेला मशीनने पाडला. आम्ही टीव्हीवर बघून हसलो होतो. आता वाटतं, न पडलेल्या भागाकडे पहिल्यांदा चालत गेलेल्या माणसाला काय वाटलं असेल?

रजिस्टर आणि पाटी

मला वाटलं होतं, आता माझी हकालपट्टी. पण काकांनी ऑफिसात जाऊन मिसफायरचं रजिस्टर मागितलं आणि आधी स्वतःचं नाव लिहिलं. बावीस भोकं होती. तपासणीत त्यांनी एक भोक फुटलं असं धरलं होतं, धुळीत खाली वाकून बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, पण चूक माझी होती." ते म्हणाले, "तुमची तुमच्या जागी. तिसरा सायरन मी दिला. तो चुकीचा दिला." दुसऱ्या दिवशीचा सुरुंग त्यांनी सकाळची पूर्ण तपासणी होईपर्यंत होऊ दिला नाही. प्रोजेक्ट मॅनेजर चिडले होते, पण काका हलले नाहीत.

सेफ्टी ऑफिसरांनी माझा आणि झेंडेवाल्या मामांचा जबाब घेतला. मामा म्हणाले, "पांढरी टोपी होती, म्हटलं साहेबच असतील. साहेबाला कसं अडवायचं?" सेफ्टी ऑफिसरांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरात नियम लिहिले होते, ऑल क्लिअर होईपर्यंत कोणालाही आत सोडू नये वगैरे. मामा पाटीकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "ताई, ते इंग्रजी हाय."

नऊ-दहा दिवस मी रोज त्या पाटीखालून जात होते. मला ती वाचता येत होती म्हणून मी ती वाचली नव्हती. मामांनी वाचली नव्हती कारण त्यांना येत नव्हती. दोघांच्या मध्ये तो झेंडा खाली झाला.

माझी शिक्षा मीच मागून घेतली. पाटी मराठीत करायची. आत्याकडून शब्द विचारून, चार वेळा खोडून, एक पान तयार केलं. पहिला कागद काकांना दाखवला तर त्यात "स्फोटोत्तर निरीक्षण पूर्ण होईपर्यंत" असं काहीतरी होतं. काका म्हणाले, "हे तर इंग्रजीपेक्षा अवघड आहे." मग मामांना समोर बसवून वाचून दाखवलं आणि जिथे ते अडले तिथे बदललं. शेवटी झालं ते असं:

तिसरा सायरन होईपर्यंत कोणीही आत जायचं नाही. साहेब असला तरी नाही. पांढरी टोपी असली तरी नाही.

रंगीत नळी, चकचकीत नळी, कांडी, काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. जागेवर उभं राहून ब्लास्टरला हाक मारायची.

ढग गडगडले की सुरुंगापासून लांब जायचं. हुकमाची वाट बघायची नाही.

झेंडेवाल्याने अडवलं तर त्याच्यावर चिडायचं नाही. तो तुमचा जीव वाचवतोय.

शेवटची ओळ मामांची आहे. मी फक्त शुद्धलेखन केलं, तेही बहुतेक चुकीचं. साईटवर हिंदी बोलणारी मुलंही होती, त्यांच्यासाठी तिथल्याच एका सुपरवायझरने ती हिंदीत करून दिली. ट्रेनिंग संपायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या सायरननंतर मामांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी झेंडा आडवा धरला आणि म्हणाले, "न्हाई ताई. तिसरा व्हऊ द्या."

तर मित्रांनो, फायनल इयर झालं की आपल्यापैकी बरेच जण साईटवर जाणार. आपल्याला पांढरं हेल्मेट मिळेल, पहिल्याच दिवशी, काही न करता. पाटी वाचा. आणि पाटीखाली जो उभा आहे त्याला ती वाचता येते का, हे विचारा.

रूममेटला मी साईटवरून एक साधा दगड आणून दिला. ती त्याचा पेपरवेट करून वापरते.

– तृतीय वर्ष स्थापत्य, मुलींचं वसतिगृह